आधी हात, मग प्रश्न

येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालू पाहतो, ती गोष्ट बहुतेक वेळा त्याच्या बुडण्यासाठी सांगितली जाते. वारा पाहिला, भ्याला, बुडायला लागला; तेव्हा तुम्ही विश्वास ढळू देऊ नका, एवढं तात्पर्य काढून लोक मोकळे होतात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातला (येशूच्या चरित्रातला) चौदावा अध्याय सावकाश वाचला तर मात्र एक क्रम हाती लागतो. पेत्र ओरडतो, आणि ती आरोळी मूळ ग्रीकमध्ये तीनच शब्दांची आहे: प्रभू, वाचव मला. लगेच येशू हात पुढे करून त्याला धरतो. धरल्यानंतर विचारतो, अरे अल्पविश्वासी, संशय का धरलास? प्रश्नात थोडी चिडही असेल, पण तो येतो तेव्हा पेत्र पकडीत आहे. नाकातोंडात पाणी जात असताना त्याला कुणी काही विचारत नाही.

प्रीतीने भीती जाते, असं बायबल म्हणतं; म्हणजे नेमकं काय होतं, हे मला या क्रमात सगळ्यात स्वच्छ दिसतं. आधी हात, मग प्रश्न. मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये), घरात किंवा आपल्याच मनात हा क्रम उलटा झाला, की तीच वचनं आणि तीच प्रार्थना भीतीला खतपाणी घालू लागतात.

मराठीला भीतीची चांगली ओळख आहे. भीती वाटते, धडकी भरते, धसका बसतो, धास्ती घेतली जाते, काळजी लागते. क्रियापदांकडे लक्ष दिलं तर उपायाची निम्मी दिशा तिथेच सापडते. धडकी क्षणाची, ती शरीरात भरते आणि काही मिनिटांत ओसरते. धसका एकदा घडून गेलेल्या प्रसंगाचा; तो बसतो आणि बसूनच राहतो. धास्ती अजून न घडलेल्याची, आणि ती आपली आपण घेतो. या सगळ्यांवर एकच वचन चिकटवायला गेलं की ते निघून पडतं, आणि मग माणूस म्हणतो, माझाच विश्वास कमी.

ते एक वचन बहुतेकदा योहानाच्या पहिल्या पत्रातलं असतं: पूर्ण प्रीती भीती घालवून देते. चौथा अध्याय, अठरावी ओवी. ग्रीक क्रियापद याहून दांडगं आहे. त्याचा अर्थ 'बाहेर फेकते' असा होतो. आणि तिथला 'पूर्ण' हा शब्द निर्दोष या अर्थाचा नाही. आपल्या टोकापर्यंत पोचलेली, अर्धवट न राहिलेली, असा त्याचा भाव आहे. आता मागची-पुढची ओवी पाहावी. सतरावी ओवी न्यायाच्या दिवसाबद्दल बोलते, आणि अठरावीतच पुढे म्हटलं आहे की भीतीमध्ये शासन आहे. म्हणजे योहान बोलतोय ते देव मला शिक्षा करील या भीतीबद्दल. लिफ्टची, सापाची किंवा ऑपरेशनची भीती त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. एकोणिसावी ओवी तर सगळा गैरसमजच मिटवते: पहिल्याने त्याने आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो. भीती बाहेर फेकणारी प्रीती भ्यालेल्या माणसाने स्वतःच्या छातीतून उपसून काढायची नाहीच. ती आधी त्याच्याकडे येते. 'तुझी प्रीती अपुरी म्हणून तू भितोस' हे वाचन दुष्ट आहे, आणि मजकुराला धरूनही नाही.

मग 'देवाचं भय' हे कुठे बसतं? याच पत्रावर संत ऑगस्टीन या बिशपने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला प्रवचनं दिली, आणि त्यात शिवणकामाचा एक दाखला दिला. शिवताना दोऱ्याआधी राठ केस भोकातून जातो. तो केस पलीकडे निघून गेल्याशिवाय दोरा आपल्या जागी येत नाही. भय हा तो केस, प्रीती हा दोरा. केस आत शिरायला उपयोगी, पण तोच आत अडकून राहिला तर टाका पडत नाही. वर्षानुवर्षं नुसत्या नरकाच्या वर्णनावर वाढवलेल्या लोकांचं काय होतं हे यापेक्षा नेमकेपणाने सांगता येईल असं वाटत नाही. आपल्याकडे धाक आणि धास्ती हे शब्द वेगळे आहेत, ते बरंच आहे. आवडत्या माणसाचा धाक असू शकतो. त्याचं मन मोडू नये असं वाटतं. धास्ती असली की त्याच्यापासून दूर कसं राहता येईल तेवढंच सुचतं.

एलीयाची गोष्ट याच क्रमाची. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवलेला हा संदेष्टा ईजबेल राणीच्या एका निरोपाने जिवाच्या भीतीने पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. मग त्याला झोप लागते. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच: ऊठ, खा, वाटचाल लांबची आहे. मग चाळीस दिवसांची चाल. 'एलीया, तू येथे काय करतोस?' हा प्रश्न त्यानंतर, होरेबच्या गुहेत येतो. दोन झोपा, दोन जेवणं, चाळीस दिवस, आणि मग कुठे प्रश्न. धास्तावलेल्या माणसाला रात्री अकरा वाजता फोनवरून वचनं पाठवणाऱ्यांनी हा एकोणिसावा अध्याय (बायबलमधलं 'पहिले राजे' हे पुस्तक) एकदा जरूर वाचावा. झोप तुटलेली असली आणि पोट रिकामं असलं की भीती दुप्पट दिसते. त्या रात्री आध्यात्मिक निष्कर्ष काढायचेच नसतात.

पण सगळ्यात जवळून पाहण्यासारखी जागा आहे ती योहानाच्या शुभवर्तमानातले निखारे.

येशूला धरून नेलं त्या रात्री थंडी होती. महायाजकाच्या वाड्यात चाकरांनी आणि शिपायांनी कोळशांचा विस्तव केला होता, आणि पेत्र त्यांच्यात उभा राहून शेकत होता. दारावरच्या दासीने आधीच विचारलेलं असतं, तू त्या माणसाच्या शिष्यांपैकी आहेस ना? तो म्हणतो, नाही. शेकोटीपाशी पुन्हा विचारणा होते, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा नाही, आणि कोंबडा आरवतो. तलवार काढून महायाजकाच्या दासाचा कान कापणारा हाच पेत्र, थोड्या वेळापूर्वीचा. हत्यारबंद टोळीसमोर न भ्यालेला माणूस एका दासीच्या साध्या प्रश्नाला भितो. भीती अशीच असते. धोक्याच्या मापाने ती येत नाही.

कोळशांच्या विस्तवासाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे, तो संपूर्ण नव्या करारात दोनदाच येतो. दुसऱ्यांदा येतो तो एकविसाव्या अध्यायात. पुनरुत्थानानंतरची पहाट, समुद्राचा किनारा, रात्रभर मासे न मिळालेले शिष्य. ते किनाऱ्याला लागतात तर तिथे कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, बाजूला भाकर. वास तोच असणार. जळत्या कोळशाचा वास नाकात शिरला की वाड्यातली ती रात्र पेत्राच्या अंगात पुन्हा उभी राहिली असेल, कारण धसका बसतो तो अशाच गोष्टींशी जोडून बसतो: वास, आवाज, ठरावीक उजेड. आणि येशू काय म्हणतो? या, न्याहारी करा. लेखक मुद्दाम नोंदवतो की त्यांची न्याहारी झाल्यावर येशूने शिमोन पेत्राला विचारलं. तीन नकारांना तीन प्रश्न, पण प्रश्न कोणता, ते पाहण्यासारखं आहे. 'तेव्हा का भ्यालास?' नाही. 'पुन्हा असं करशील?' तेही नाही. तू माझ्यावर प्रीती करतोस काय? आणि प्रत्येक उत्तरामागून एक काम: माझी कोकरं चार, माझी मेंढरं पाळ. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्र दुःखी झाला असंही लिहिलं आहे. म्हणजे ते दुखलं. जखम ज्या ठिकाणी होती तिथेच हात लागला, पण पोटात अन्न गेल्यावर, आपल्या माणसांत.

हात धरण्याचं म्हणाल तर त्याची मोजदादही झाली आहे. 2006 साली मानसशास्त्रज्ञ जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी 16 विवाहित स्त्रियांना एमआरआय यंत्रात झोपवून, आता पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो अशी खूण दाखवली. कधी नवऱ्याचा हात हातात, कधी अनोळखी माणसाचा, कधी कुणाचाच नाही. नवऱ्याचा हात धरलेला असताना मेंदूतली धोक्याची हालचाल सर्वांत कमी झाली, आणि ज्यांचं नातं अधिक चांगलं त्यांच्यात ती आणखी कमी. झटक्याचा धोका तेवढाच होता. एवढ्यावरून विश्वासाचं काही सिद्ध होत नाही, आणि तसा ओढूनताणून अर्थ काढूही नये. पण भ्यालेल्या माणसाचा हात धरणं ही वरवरची समजूत घालणं आहे, असं मात्र यानंतर कुणी म्हणू नये.

आता प्रत्यक्ष करायचं काय.

धडकी भरते तेव्हा छाती धडधडते, तळवे घामेजतात, श्वास वरच्या वर चालतो. हा झटका साधारण दहा मिनिटांच्या आत टोक गाठतो आणि उतरायला लागतो. त्या वेळी लांब प्रार्थना जमत नाही, जमवूही नये. बायबलमधल्या स्तोत्र 56 मधली तिसरी ओवी पुरते: मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. चार आकडे मोजत नाकाने श्वास घेताना पहिला अर्धा भाग मनात, सहा आकडे मोजत सोडताना दुसरा अर्धा. मिनिटाला सहा श्वास होतात. पाच मिनिटं. इथे चुका दोन ठिकाणी होतात. एक, लोक छाती भरभरून मोठा श्वास घेतात. त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. श्वास लहानच हवा, सोडणं लांब हवं. दुसरी चूक बारीक आहे. दर अर्ध्या मिनिटाला 'गेली का भीती?' असं तपासून पाहायचं. तपासणं म्हणजे पुन्हा धोका शोधणं, आणि शरीर त्या शोधालाच उत्तर देतं. त्या ओवीत भीती वाटणार नाही असं म्हटलेलंच नाही. वाटेल तेव्हा काय करीन एवढंच म्हटलं आहे. तेविसाव्या स्तोत्रातही पाहा: हिरव्या कुरणात आणि संथ पाण्याजवळ असेपर्यंत परमेश्वराबद्दल 'तो' अशी भाषा चालते. मृत्युच्छायेच्या दरीत पाऊल पडतं आणि 'तो'चा 'तू' होतो. तू मजबरोबर आहेस. दरी तिथेच आहे. बदललंय ते बोलण्याचं अंतर.

आणखी एक: छातीत असं पहिल्यांदाच होत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर प्रार्थना रस्त्यात करावी आणि तडक दवाखाना गाठावा.

धास्तीचा इलाज वेगळा. धास्ती धुक्यासारखी पसरलेली असते, म्हणून पहिलं काम तिला एका वाक्यात बसवायचं. 'पुढचं कसं होणार' हे वाक्य नव्हे. 'गुरुवारी तपासणीचा निकाल येईल, तो वाईट निघेल आणि मला हे मुलांना सांगता येणार नाही' हे वाक्य. कागदावर लिहावं, शेजारी शून्य ते दहा असा अंक टाकावा. बहुतेकदा वाक्याच्या शेवटी कळतं की खरी भीती निकालाची नसून सांगण्याची आहे, आणि सांगण्याबाबत आज काही करता येतं. फिलिप्पैकरांच्या पत्रात चौथ्या अध्यायात प्रेषित पौल हेच क्रमाने सांगतो: कशाचीही चिंता करू नका, तर प्रार्थना, विनंती आणि त्यांच्यासोबत उपकारस्तुती. विनंती म्हणजे नेमकी मागणी, तिला नाव हवं. उपकारस्तुतीही नेमकी हवी. 'सगळ्यासाठी धन्यवाद' म्हटलं की मन कुठेच थांबत नाही. आज घडलेल्या तीन लहान गोष्टी पुरतात. पुढे देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील असं जे वाक्य येतं, त्यातलं 'राखील' हे क्रियापद शहराभोवती सैन्याचा पहारा बसवण्याचं आहे, आणि ते लिहिणारा त्या वेळी स्वतः कैदेत होता.

लिहिलेलं ते वाक्य एका माणसाला सांगायचं. एकालाच, दहांना नाही. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत, 1548 साली मान्यता मिळालेल्या, मनात भीती घालणाऱ्या सैतानाच्या कुजबुजीला लबाड प्रियकराची उपमा दिली आहे: आपली बोलणी मुलीच्या बापाला कळू नयेत एवढीच त्याची धडपड असते, कारण उघड झाली की त्याचा डाव संपला. सांगितल्याने भीती निम्मी होते असा काही हिशेब नाही, पण तिची गुप्तता जाते. त्याचाच आणखी एक नियम कामाचा आहे: मन उदास, अंधारलेलं असताना आधी केलेले निश्चय बदलू नयेत. भीतीच्या रात्री राजीनामा लिहू नये, लग्न मोडू नये, मंडळीही सोडू नये. सकाळ होऊ द्यावी.

धसक्याला मात्र बोलून भागत नाही. तिथे जावं लागतं. सातव्या शतकात सिनाय डोंगरावरच्या मठाचा प्रमुख योहान क्लिमाकस याने तीस पायऱ्यांची शिडी कल्पून जो ग्रंथ लिहिला, त्यात भित्रेपणावर एक स्वतंत्र पायरी आहे. सल्ला असा: ज्या जागी भीती वाटते तिथेच रात्री जायला कचरू नकोस; जाताना प्रार्थनेचं शस्त्र घे, पोचल्यावर हात पसर. थोडी जरी ढील दिलीस तर ही पोरकट व्याधी तुझ्याबरोबर म्हातारी होईल. आज मानसोपचारात भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं नेण्याची जी पद्धत आहे, तिची हाडं इथे दिसतात. टाळलं की त्या क्षणी सुटका वाटते, आणि ती सुटकाच मेंदूला शिकवते की टाळलंस म्हणून वाचलास. म्हणून भीती वाढते.

समजा, कुणाला रुग्णालयाचा धसका आहे. आत शिरताच औषधांच्या वासाने पोटात कालवाकालव होते, कारण एक माणूस तिथून परत आला नव्हता. आणि आता जवळचा मित्र आत खाटेवर आहे. तर आठ-दहा पायऱ्या लिहून काढाव्यात. फाटकासमोर दहा मिनिटं उभं राहणं. आतल्या बाकावर बसणं. वॉर्डच्या बाहेरच्या बोळात एक फेरी. दारातून हात हलवणं. खाटेशेजारी पाच मिनिटं, मग वीस. त्याला आपल्या हाताने पाणी पाजणं. प्रत्येक पायरीला अंक द्यावा आणि सुरुवात तीन किंवा चार अंकाच्या पायरीपासून करावी. नऊवर उडी मारून पळत आलं तर धसका पक्का होतो. जाण्याआधी लिहावं, काय होईल असं वाटतं ('मी कोसळेन'). आल्यावर लिहावं, काय झालं ('घाम आला, गुडघे थरथरले, कोसळलो नाही'). आठवड्यातून चार-पाच वेळा. एक पायरी सोपी वाटायला लागली की पुढची.

यात प्रीतीचं काम कुठे? पायऱ्या कुणीही लिहील. त्या चढायच्या कशासाठी, हे प्रीती ठरवते. 'मला धीट व्हायचंय' हे कारण तिसऱ्या पायरीवर दमतं. 'तो आत एकटा आहे' हे कारण टिकतं, कारण त्यात लक्ष आपल्या छातीच्या ठोक्यांवरून त्याच्या चेहऱ्याकडे वळतं. तरीही एक सापळा आहेच. काही जण गळ्यातला क्रूस मुठीत आवळून चढतात आणि 'क्रूस होता म्हणून वाचलो' असं शिकतात. मग क्रूस घरी राहिला की दारातूनच परत. तो ताईत झाला. प्रार्थनेचंही असंच होतं. 'काही होऊ देऊ नकोस' हे ठरावीक सात वेळा म्हटल्याशिवाय पाऊल न टाकणं म्हणजे प्रार्थनेच्या रूपातलं टाळणंच. 'तू बरोबर आहेस' असं म्हणावं आणि चालायला लागावं.

या सापळ्याची टोकाची अवस्था फार त्रासाची असते. पाप झालं का, कबूल केलं ते नीट केलं का, पश्चात्ताप खरा होता का, अशी न संपणारी तपासणी. इग्नेशियस स्वतः 1522 साली मान्रेसा गावी यात सापडला होता. केलेल्या पापनिवेदनात काहीतरी राहिलं या टोचणीने तो आत्महत्येच्या विचारापर्यंत गेला. सुटला तो जुनी पापं पुन्हा न सांगण्याचा निश्चय केल्यावर. आज याला मनाच्या सक्तीचा आजार (ओसीडी) म्हणून ओळखतात. त्यावर ठरावीक उपचार आहेत, औषधंही आहेत. अशा माणसाला 'आणखी प्रार्थना कर' म्हणणं म्हणजे तहान लागलेल्याला मिठाचं पाणी पाजणं. एकच पाळक किंवा धर्मगुरू असावा, त्याने एकदाच उत्तर द्यावं, आणि तोच प्रश्न पुन्हा आला तर प्रेमाने उत्तर नाकारावं. हे नाकारणं सगळ्यांना जमत नाही. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, हे बोलणंही आता थांबायला हवं. चष्मा लावणाऱ्याला असं कुणी म्हणत नाही.

'भिऊ नका' हे पवित्र शास्त्रात 365 वेळा आलं आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक, असं सर्रास सांगितलं जातं. ऐकायला गोड आहे, पण मोजायला बसलं तर आकडा बराच कमी भरतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते शब्द कधी येतात. बहुधा समोर खरोखर काहीतरी भयानक उभं असतं, आणि त्याच वाक्यात किंवा पुढच्या वाक्यात कारण दिलेलं असतं: मी तुझ्याबरोबर आहे. कारण कापून नुसती आज्ञा सांगितली की तिचा दम होतो.

आणि काही भीती ऐकायची असते. मारहाण होणाऱ्या घरात बाईला वाटणारी भीती हा विश्वासाचा दोष नाही. ती तिचं शहाणपण आहे. 'प्रीतीने भीती घालव' असं सांगून तिला तिथेच परत पाठवणारा त्या ओवीचा गळा घोटतो. पौल दमास्कसमधून पळाला तो रात्री टोपलीत बसून, तटबंदीवरून खाली सोडलेला, आणि हे त्याने पुढे स्वतःच्या पत्रात न लाजता लिहिलं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1527 साली जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये साथ आली असताना या प्रश्नावर एक खुलं पत्रच लिहिलं: मरीच्या साथीतून पळावं का? उत्तर अगदी व्यवहारी आहे. ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही, त्याने खुशाल जावं. पाळक, अधिकारी, आजाऱ्याचे शेजारी यांनी, दुसरी सोय नसेल तर, राहावं. राहणाऱ्याने धुरी द्यावी, हवा खेळती ठेवावी, औषध घ्यावं, काम नाही तिथे जाऊ नये. पण शेजाऱ्याला गरज पडली तर कचरू नये. विद्यापीठ येनाला हललं, तो स्वतः राहिला. धैर्य आणि बेफिकिरी यांतली रेघ इतक्या स्वच्छपणे ओढलेली क्वचित सापडते.

भ्यालेल्या माणसाशेजारी बसणाऱ्यासाठी दोन शब्द. आधी विचारावं, जेवलास का, झोपलास का. मग ऐकावं, दहा मिनिटं मधे न बोलता, आणि दहा मिनिटं घड्याळात वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. 'यात घाबरण्यासारखं काय आहे' हे वाक्य गिळावं. वचन सांगायचंच असेल तर विचारून, एकच, आणि शक्य तर त्याच्याबरोबर स्वतः म्हणावं. धरून नेलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांच्याकडे मागितलं ते एवढंच होतं: इथे थांबा, जागे राहा. तो स्वतः अत्यंत व्याकूळ झाला होता असं मार्क लिहितो. त्याने तीनदा प्रार्थना केली, आणि दुसऱ्यांदाही तेच शब्द वापरले. सल्ला त्याने कुणाला मागितला नाही. आणि ते तिघे झोपले.

भीती परत येते का, असा प्रश्न नेहमी येतो. येते. जुना धडा मेंदूतून पुसला जात नाही, त्याच्या शेजारी नवा धडा लिहिला जातो. जागा बदलली किंवा मधे बरेच महिने गेले की जुना वर येऊ शकतो. म्हणून पायऱ्या वेगवेगळ्या जागी गिरवाव्यात, आणि परत आली तर सगळं फुकट गेलं असं समजू नये. पेत्राचंच पाहा ना. निखाऱ्यांपाशी तीनदा विचारून झालेला, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला हजारोंसमोर उभा राहून बोललेला हा माणूस अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, बांधवांबरोबर एका पंगतीत जेवत असतो. यरुशलेमेहून काही मंडळी येतात, आणि तो त्यांना भिऊन पंगतीतून हळूच अंग काढून घेतो. पौलाने हे गलतीकरांना नावानिशी कळवलं आहे. लोक काय म्हणतील, एवढीच भीती. दासीपुढची भीती कपडे बदलून आलेली.

आणि हाच पेत्र, हेरोद राजाच्या तुरुंगात, दुसऱ्या दिवशी लोकांसमोर उभं केलं जाणार त्या रात्री, दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन शिपायांच्या मधे गाढ झोपला होता. इतका की देवदूताला त्याच्या कुशीत मारून त्याला उठवावं लागलं. इथेही भाषण नाही. लवकर ऊठ. कंबर बांध, वहाणा घाल. वस्त्र पांघरून माझ्यामागे ये. आपण स्वप्न पाहतोय असंच पेत्राला वाटत राहतं. खरं काय झालं ते त्याला रस्त्यावर आल्यावर कळतं. मग तो बांधव प्रार्थना करत जमले होते त्या घराशी येतो आणि दार ठोठावतो. दाराशी येते ती पुन्हा एक दासीच. वाड्यातल्या त्या रात्री पेत्राची बोली ऐकून लोकांनी त्याला ओळखलं होतं. ही मुलगीही त्याला आवाजावरूनच ओळखते, आणि तिला इतका आनंद होतो की दार न उघडताच ती आत धावते. आतले म्हणतात, तुला वेड लागलंय. पेत्र बाहेर दार ठोठावत राहतो.